मावळतीच्या आधीचं जेवण

"कंचन, कारलं संपव. दिवस बुडून राह्यला," अंगुरीबाईंनी नातीला दटावलं.

अनसिंगच्या या जैन घरात सूर्यास्तानंतर कोणी घास घेत नसे. नऊ वर्षांच्या कंचनने खिडकीतून क्षितिजाला टेकलेल्या सूर्याकडे पाहिलं, मग ताटातल्या कारल्याकडे.

"तो तर कवाच बुडाला, आजी."

"डोये फुटले का तुहे? समोर दिसून राह्यला ना!"

"दिसते, पन तिथं नाई. पान्यात काठी वाकडी दिसते ना, तसा हवेत उजेड वाकते. खरा सूर्य खाली गेला. दादाच्या पुस्तकात हाय."

चौथीतली ही मुलगी थोरल्या भावाची मॅट्रिकची पुस्तकं वाचत असे. तिच्या शब्दावर शंका घ्यायची गावाला सवय नव्हती. अंगुरीबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"म्हंजे मी जलमभर रातचं जेवली?"

त्या उठल्या, तसे सगळेच उठले. कंचनचं कारलं टळलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवण अलीकडे आलं. "फरक थोडासाच असते, आजी," कंचनने सांगून पाहिलं.

"थोड्याचा काय भरोसा? पाऊन घंटा धरू."

कंचनचे वडील पदमचंद ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दुकान सोडून धापा टाकत ताटावर येऊ लागले. मग सगळ्या जैन गल्लीनेच वेळ बदलली. झोपताना पुन्हा भूक लागणारी पोरं कंचनशी बोलेनाशी झाली.

शनिवारी अकोल्याहून मुख्याध्यापिका गोमतीबाई आल्या. कंचनला त्यांच्या शाळेच्या वसतिगृहात घेऊन थेट वरच्या वर्गात बसवायचं का, हे त्या ठरवणार होत्या. पदमचंदांचा सारा जीव त्यात होता. पाहुण्यांसाठी मुगाचा हलवा झाला होता. पण एस.टी. उशिरा आली. ताटं मांडली तेव्हा सूर्य तुरीच्या शेतावर टेकत आला होता.

"बाई, तुमी जेवा," अंगुरीबाई म्हणाल्या. "आमची वेळ गेली."

"अहो, सूर्य दिसतोय की!"

"तेच तर!" पदमचंद अभिमानाने म्हणाले. "दिसते, पन नसते. आमच्या पोरीनं सांगतलं."

"असं? मग कंचन, तूच सांग. मावळताना सूर्य दिसतो तिथे खरंच असतो का?"

पदमचंदांनी श्वास रोखला. कंचनने कढईकडे पाहिलं. हलव्याला तूप सुटलं होतं.

"असते," ती ठामपणे म्हणाली. "दिसते तिथंच असते."

"अवं, उजेड वाकते म्हनत होती ना तू?" पदमचंद जवळजवळ ओरडलेच.

"आज नाई वाकत."

"मंग बसा लवकर!" अंगुरीबाईंनी वाढायला घेतलं. पदमचंद ताटातलं नुसतं चिवडत राहिले. कंचनने दोनदा हलवा मागून घेतला.

हात धुतल्यावर तिने गोमतीबाईंना ओट्यावर गाठलं. "बाई, मघाचं चूक होतं," ती कुजबुजली. "तो जेवढा रुंद दिसते ना, साधारन तेवढाच खाली गेलेला असते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तवा हलवा होता."

गोमतीबाईंनी हसू दाबत पदमचंदांना हाक मारली. "मुलगी घेते मी. बसेल आठवीत. राहील मात्र चौथीच्या मुलींच्या खोलीत."

"पन बाई," पदमचंद गोंधळले, "तिचं उत्तर तर चुकलं!"

"म्हणूनच चौथीच्या खोलीत."