पिवळ्या टोपीचा फॉल्ट

गेल्या वर्षी बॅडमिंटन क्लबच्या फायनलला, ऐन शेवटच्या गुणाला, सर्व्हिस जजने एका बाईंची सर्व्हिस फॉल्ट ठरवली. शटल ठरलेल्या उंचीच्या वरून मारलं गेलं होतं, त्यामुळे निर्णय शंभर टक्के बरोबर होता. अडचण एवढीच, की त्या बाई म्हणजे जजसाहेबांच्याच सौभाग्यवती.

तेव्हापासून घरातलं न्यायदानाचं खातं बाईंकडे गेलं. चहात साखर जास्त पडली, "फॉल्ट." ओला टॉवेल पलंगावर, "फॉल्ट." सासूबाईंना फोन करायला विसरले, "फॉल्ट, आणि तोही मुद्दाम." वर्षभर ऐकून ऐकून जजसाहेबांचे कान किटले.

म्हणून यंदा सेक्रेटरींनी सर्व्हिस तपासणारा एआय कॅमेरा आणायचं काढलं, तेव्हा सगळ्यात आधी जजसाहेबांनी होकार भरला. बोलणी मशीन खाईल, आपण नामानिराळे.

कॅमेरा बसवणारा म्हणाला, "याला बरोबर सर्व्हिस दाखवा, चुकीच्या दाखवा. बघून बघून शिकतो."

बरोबर सर्व्हिस दाखवायला रांग लागली. चुकीची करून दाखवायला मात्र कोणी पुढे येईना. मग जजसाहेबांना आपल्या मोबाइलमधला खजिना आठवला. कधीतरी आपलं म्हणणं सिद्ध करू म्हणून त्यांनी वर्षभर चोरून बायकोच्या सर्व्हिसचे व्हिडिओ काढले होते. तिला दाखवायची छाती काही झाली नव्हती. ते सगळे त्यांनी मशीनला दाखवून टाकले.

यंदाही फायनलला बाई होत्याच, डोक्यावर नेहमीची पिवळी टोपी. समोर दातांची डॉक्टरीण. बाईंनी पहिली सर्व्हिस केली आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला, म्हणजे फॉल्ट. पुढच्या खेपेला त्यांनी हात खाली घेतला, तरी लाल. त्याच्या पुढच्या खेपेला त्या इतक्या वाकल्या की प्रेक्षकांना वाटलं, काहीतरी पडलंय. लाल. शेवटी घाम पुसायला त्या रॅकेट ठेवून कॅमेऱ्यासमोरून नुसत्या चालत गेल्या, तर तेव्हाही लाल.

लोक हसत होते आणि जजसाहेब घामाने भिजत होते. मशीनने नेमकं काय शिकून ठेवलंय ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मध्यंतरात सेक्रेटरी समजूत घालायला धावले. "वहिनी, मनावर घेऊ नका. मशीनला तुमचेच तर व्हिडिओ दाखवले ना यांनी. वर्षभर जमवले होते बिचाऱ्यांनी."

"अस्सं. आणि सगळ्यांत मी टोपी घालूनच?"

"टोपीशिवाय तुम्ही खेळता कुठे?"

बाई नवऱ्याकडे न बघता सावकाश पाणी प्यायल्या. ते न बघणं जजसाहेबांच्या चांगलंच ओळखीचं होतं. मग टोपी काढून त्या पलीकडे गेल्या.

"डॉक्टर, दिव्यांनी डोळे दिपतायत तुमचे. ही घाला."

"अय्या, थँक्यू. पण मग तुम्हाला?"

"मला आता सगळं स्वच्छ दिसतंय."

त्यानंतर डॉक्टरीणबाईंची एकही सर्व्हिस मशीनला पटली नाही. बाईंची मात्र प्रत्येक सर्व्हिस हिरवी. शेवटची तर त्यांनी बिनदिक्कत छातीच्या उंचीवरून हाणली. जजसाहेबांचा हात सवयीने अर्धा वर आला. बाईंनी नुसत्या भुवया उचलल्या. मग त्या हाताने डोकं खाजवलं.

हॉल रिकामा झाला. करंडक काखेत मारून बाई आल्या, परत मिळालेली टोपी नवऱ्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला. लाल दिवा लागला.

"हुशार आहे हो मशीन," बाई म्हणाल्या. "फॉल्ट कोणाचा ते बरोबर ओळखलं. चला आता घरी. आणि टोपी काढायची नाही."