शेरा क्रमांक त्रेचाळीस

डॉ. अमृतरावांनी आत्मचरित्राला संपादक नेमला तो निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी की पाचव्या, हे त्यांना आता नक्की आठवत नाही. (आठवणी पक्क्या असत्या तर आत्मचरित्र तीनशे पानांत आटोपलं असतं का?) रसायनशास्त्रात पीएच.डी. असूनही आपलं लिखाण कुणी वाचेल का, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. म्हणून लातूरच्या देविका नावाच्या, घरून संपादनाची कामं घेणाऱ्या मुलीला त्यांनी हस्तलिखित पाठवलं.

तिचे एकशे अठरा शेरे आले. परीक्षकाशी वाद घालायचा नाही, हे प्रबंधाच्या वेळी अंगी मुरलेलं. अमृतरावांनी शेरे पुरते न वाचताच प्रत्येकाखाली ‘मान्य’ लिहून फोटो लातूरला धाडले आणि कागद नांदेडच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर ठेवले.

तिथं ते सिंधुबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, वाचले.

शेरा त्रेचाळीस: ‘सिंधू हे पात्र अकरा वेळा येतं आणि अकराही वेळा चहाच आणतं. काढायचं का?’ खाली अमृतरावांचं अक्षर: ‘मान्य. मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे.’

“अहो, आभार कशाचे मानून राहिलात?”

“अगं, ते पात्र आहे.”

“हाव. आणि मी कोण?”

त्या दिवसापासून घरातला चहा बंद झाला. तिसऱ्या दिवशी अमृतरावांनी देविकाला फोन लावला. “मॅडम, ते पात्र परत घेता येईल?”

“घ्या की सर. पण त्यांना काहीतरी करू द्या.”

“काय करू देऊ?”

“ते मला काय माहीत? बायको तुमची.”

लग्नाच्या बेचाळीस वर्षांत सिंधूनं काय केलं? अमृतराव तासभर कोरा कागद घेऊन बसले. शेवटी तिलाच विचारलं.

“मुखेडच्या कॉलेजात तुम्हाला वर्षभर पगार नव्हता, तेव्हा म्हैस कुणी पाळली?” ज्वारी निवडता निवडता सिंधुबाई म्हणाल्या. (पुस्तकात ते वर्ष ‘संशोधनात गेले’ होतं.) “ती सुटून प्रयोगशाळेत शिरली, बाहेरचे परीक्षक टेबलावर चढले. तिला बाहेर कुणी काढलं?”

“हे मी कसं विसरलो?”

“तुम्हीबी टेबलावरच होता. डोळे मिटून.”

अमृतरावांनी निमूटपणे सगळं उतरवून घेतलं. ते सातवं प्रकरण झालं.

पुस्तक निघालं. भेटेल तो “छान झालंय सर” म्हणे. पण तोंडावर वाईट कोण म्हणतं? तीन वर्षांनी एका लग्नाला मुखेडला गेले, तेव्हा अमृतराव हळूच तिथल्या वाचनालयात शिरले आणि कपाटातली प्रत काढून त्यांनी एकदाची खात्री करून घेतली. सातवं प्रकरण हाताळून हाताळून मळलं होतं. बाकीच्या प्रकरणांतली कितीतरी पानं छापखान्यातून कडेला जोडलेलीच आली होती. ती अजून कुणी कापून सुटी केली नव्हती.