कोंडवाड्यातली नाव

धरण भरलं ते त्र्याहत्तर साल. गावचा रस्ता पाण्याखाली गेला म्हणून पंचायतीनं नाव घेतली आणि जन्मभर बैल राखलेल्या सूर्यभानला नावाडी केलं. वल्हवायला तो चार दिवसांत शिकला. पण धरणाचं पाणी एका जागी ठरेना. पाट सुटला की उतरायचं, वरच्या धरणातून सोडलं की चढायचं.

सूर्यभाननं नाव पाण्यातल्या खांबाला आखूड बांधली. बैल आखूडच बांधतात. पाट सुटला, पाणी दोन हात उतरलं आणि नाव नाकावर टांगली गेली.

"वाळत घातलीस का काय रं?" सरपंच आप्पासाहेबांनी विचारलं.

मग त्यानं दोर लांब सोडला. वरच्या धरणाचं पाणी चढलं, वाऱ्यानं नाव काठाला लागली, पाणी ओसरलं आणि ती लंकाबाईच्या गाळपेरीत, काठच्या गाळात लावलेल्या ऐन काकडीवर बसली. लंकाबाई भांडली नाही. पिकात शिरलेल्याची जागा कोंडवाड्यात, एवढा कायदा तिला पाठ होता. तिनं बैल जुंपले आणि नाव ओढत नेऊन कोंडली. कोंडवाड्याच्या वहीत रकाने जनावरांचेच. शिपायानं लिहिलं, 'रंग काळा, शिंगं नाहीत.'

आप्पासाहेबांनी नाव सोडवली. "उद्या परत पाट सुटनार हाय. नाव सरळ ऱ्हायली तर तू ऱ्हा. न्हाई तर जा आपला बैलांकडं."

"बैल दुष्काळात इकले, आप्पासाहेब."

लंकाबाई ऐकत होती. ती सूर्यभानला म्हणाली, "मळनीला बैल तिवड्याला कसा बांदतोस?"

"सैल फासानं. खांबाभवती फिराया पायजे ना."

"मंग? तुजा बैल गोल फिरत हुता, ह्यो वर-खाली फिरतोय."

तिनं खांब तासून गुळगुळीत केला, करंजीचं तेल चोळलं, दोराचा सैल फास ओवला आणि तो वरून निसटू नये म्हणून माथ्यावर आडवी खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरू लागलं. फास खांबावरून घसरत खाली आला आणि त्याच्यामागं नाव, डोक्यावर भरली घागर घेतलेल्या बाईसारखी, जराही न कलता. काठावर निम्मं गाव होतं.

"सूर्यभान, जितलास," आप्पासाहेब म्हणाले.

"फास लंकाबाईचा हाय," सूर्यभान म्हणाला. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही म्हणाला.

आप्पासाहेब वळले. "मंग लंकाबाई, नोकरी तुमीच घ्या."

लंकाबाईनं नावेकडं पाहिलं, मग सूर्यभानकडं. "नगं. आता नाव आपली आपन उटती-बसती. निस्तं बसून ऱ्हायचं काम मला झेपायचं न्हाई. त्यालाच ऱ्हाऊ द्या."