डावा, उजवा आणि एरचचा उतार

सुभाषचंद्र खानवलकरांच्या घरात चिठ्ठी न लावलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांची पत्नी इंदिराबाई. बाकी सगळ्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनची वळणदार अक्षरं असत. 'टाकी, वरची.' 'पंखा, बैठक.' 'पडदा, डावा.' 'पडदा, उजवा.' झाशीजवळच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर तपासायला घरच उरलं.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा पलंगाखाली एक जड खोकं सापडलं. आत गाडीच्या पुढच्या ब्रेकचे दोन नवे कॅलिपर होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला चिमट्यासारखं धरून गाडी थांबवतो, तो हा भाग. सतरा वर्षांच्या निळ्या गाडीला हे मोठ्या गाडीचे कॅलिपर त्यांनी मुद्दाम मागवले होते. एकावर 'डावा' आणि दुसऱ्यावर 'उजवा' अशी पट्टी होती, खाली तारीख आणि सही. तारीख ते जाण्याच्या आठ दिवस आधीची होती.

"हे कशाला मागवले होते गं?" रेवतीनं विचारलं. ती त्यांची मुलगी, ग्वाल्हेरहून चार दिवसांची रजा काढून आली होती.

"एरचच्या उतारासाठी. नदीकडे उतरताना मी डोळे मिटून घ्यायची ना. म्हणाले, असा ब्रेक बसवतो की पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवशील." इंदिराबाईंनी खोकं पुन्हा नीट बंद केलं. "रविवारी वर्ष होतंय. तिथेच बेतवेत फुलं सोडायला याच गाडीनं जायचं, आणि हेच ब्रेक बसवून."

रेवतीचा भाऊ केयूर पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, ती गाडी आता म्युझियममध्ये ठेवायची झाली. शनिवारी संध्याकाळपर्यंत नीट झाली तर जा. नाहीतर मी टॅक्सी बुक करतो आणि गाडी देऊन टाकू. इथे बसून आईची काळजी करायची म्हणजे काय ते तुला नाही कळणार."

"मला नाही कळणार," रेवतीनं मान्य केलं आणि दुर्गाभैयाला फोन लावला.

दुर्गाभैया मिस्त्री पंधरा वर्षं ही गाडी बघत होता. खरं तर गाडी तो बघायचा आणि त्याला सुभाषचंद्र बघायचे. झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या अंगणात त्यानं एक नटही त्यांच्या नजरेआड कधी आवळला नव्हता. त्यामुळे पट्ट्या पाहताच त्यानं हात पुसले.

"साहब लिख गए हैं? फिर तो काम आधा हो गया, बिटिया."

गुरुवारी दुपारपर्यंत कॅलिपर बसले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. पाइप जरा ताणल्यासारखा वाटला, पण साहेबांच्या सहीपुढे पाइपाला कोण विचारतो. आता फक्त ब्रेकच्या तेलातली हवा काढायची राहिली. एकानं गाडीत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी बसून छोटी तोटी उघडून हवा सोडायची. पेडल दाबायला रेवती बसली.

"दबाओ!"

"दबाया!"

"छोड़ो मत!"

"नाही सोडलं!"

"अब छोड़ो!"

हे अडीच तास चाललं. समोरच्या शकुंतलाचाची गच्चीवरून ऐकत होत्या. कोणाला तरी धरून ठेवलंय असं वाटून त्यांनी शेवटी विचारलं, "काए बिटिया, कोऊ भग रओ का?"

तेलाच्या दोन बाटल्या संपल्या आणि पेडल तसंच राहिलं. पाय ठेवला की ते बुडालं, शिऱ्यात बुडावं तसं. दुर्गाभैयानं बराच विचार करून निदान केलं की तेल ढकलणारा मुख्य पंपच थकला आहे. शुक्रवारी नवा पंप बसला. तो काढताना जुनं तेल बॉनेटवर सांडलं आणि जिथे सांडलं तिथला निळा रंग पापडासारखा सुटून आला. सुभाषचंद्र असते तर या एका डागावर अर्धा तास बोलले असते. दुर्गाभैया फडक्यानं तो डाग पुसत राहिला. तो आपणहून म्हणाला, "डाँट तो पड़नी चाहिए थी."

नव्या पंपानं पेडल थोडं वर आलं. "चला के देखते हैं," दुर्गाभैया म्हणाला. गल्ली सपाट होती, गाडीचा वेग सायकलीचा होता आणि शकुंतलाचाचींनी खाटेवर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. रेवतीनं ब्रेक दाबला. गाडीनं तो ऐकून घेतला आणि ती चालत राहिली. रेवतीनं हँडब्रेक ओढला तोवर खाट दोन हात पुढे सरकली होती आणि सगळ्या वड्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या.

"जो का कर दओ!" शकुंतलाचाची धावत आल्या. "चार किलो दाल की हती!"

"चाचीजी, ब्रेक नया डाला है, इसलिए," दुर्गाभैयानं खुलासा केला.

"नओ है तो रुको काए नईं? पुरानो तो रुक जात तो!"

उरलेली दुपार रेवती आणि दुर्गाभैया दोघं खाटेवर वाकून वड्या वेगळ्या करत बसली. चाची मागे उभ्या राहून कोणती वडी चपटी झाली ते दाखवत होत्या. त्या दिवशी गाडीचं काम झालं नाही.

शनिवारी सकाळी केयूरनं व्हिडिओ कॉल केला आणि बॉनेट पाहिलं. "ताई, उद्या सकाळी सातची टॅक्सी सांगतोय."

"संध्याकाळपर्यंत म्हणाला होतास."

"वड्यांचं आईनं सांगितलं मला."

रेवतीनं फोन उलटा ठेवला. पुन्हा दबाओ, दबाया सुरू झालं. तिसरी बाटली संपली, चौथी फुटली. तिचा उजवा पाय आता आपोआप हलत होता, जेवतानासुद्धा. इंदिराबाई चहा घेऊन आल्या त्या अंगणातल्या स्टुलावरच बसल्या. पुढची दोन्ही चाकं काढलेली होती. बराच वेळ त्या कॅलिपरकडे पाहत राहिल्या.

"ही तोटी कशासाठी रे, दुर्गा?"

"अम्माजी, इसी से हवा निकलती है."

"तेलातली हवा?"

"हाँ जी."

"लोणच्याच्या बरणीत तेल ओतलं की बुडबुडे वर येतात." इंदिराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तुझ्या या डब्यात खाली जातात का?"

दुर्गाभैयानं कॅलिपरकडे पाहिलं. मग डोकं वाकडं करून पाहिलं. तोटी कॅलिपरच्या तळाशी होती. हवा तीन दिवस वरच्या कोपऱ्यात आरामात बसली होती आणि खालून निघणारं तेल बघत होती. तोट्या वर यायला एकच उपाय होता. डावा कॅलिपर उजवीकडे जायला हवा होता आणि उजवा डावीकडे.

"हे असं नसतं का नेहमी?" रेवतीनं विचारलं.

"बिटिया, नीचे तो कभी नहीं होती." दुर्गाभैया मडगार्डला टेकून बसला. "हमने पहले दिन ही देखी थी. सोचा, नए माल में ऐसा ही आता होगा. साहब ने दस्तखत किए हैं, तो हम कौन?"

"म्हणजे बाबा चुकले?" हे वाक्य त्या घरात प्रथमच उच्चारलं गेलं असावं. रेवतीला ते म्हणून झाल्यावर उगीचच दाराकडे बघावंसं वाटलं.

"चुकले कसले. ते वस्तूच्या समोर उभं राहूनच डावं-उजवं ठरवायचे," इंदिराबाई म्हणाल्या. "कारखान्यात तसंच असायचं म्हणे. ट्रान्सफॉर्मरला काय, सीट थोडीच असते बसायला? इथेही बॉनेटपुढे उभं राहून लिहिलं असणार. त्यांच्या डाव्या हाताला गाडीची उजवी बाजू."

"तुला कसं माहीत?"

"बैठकीतले पडदे. रस्त्यावर उभं राहून, घराकडे तोंड करून चिठ्ठ्या लावल्यात त्यांनी. चिठ्ठीबरहुकूम लावले तर त्यांच्यावरचे दोन्ही मोर एकमेकांकडे पाठ करून बसतात, भांडल्यासारखे. बारा वर्षं मी उलटेच लावते आहे."

"आणि बाबा?"

"बघून म्हणायचे, पाहिलंस, चिठ्ठी असली की चूक होत नाही."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"मोर तोंडं वळवून बसत होते ना नीट? मग कशाला सांगायचं."

दुर्गाभैयानं कॅलिपर बदलले. पाइपाचा ताण गेला. तोट्या वर आल्या, पहिल्याच दाबाला बुडबुड्यांची एक लांब माळ बाहेर पडली आणि अर्ध्या तासात पेडल दगडासारखं घट्ट झालं. गल्लीत तपासणी झाली, तेव्हा शकुंतलाचाची खाटेपुढे स्वतः उभ्या राहिल्या. गाडी त्यांच्यापासून वीस हात अलीकडे थांबली. "इत्ती दूर?" त्या थोड्या नाराज होऊन म्हणाल्या.

चाकं चढवण्याआधी दुर्गाभैयानं पट्टीला नख लावलं. "अम्माजी, ये बदल दें? आगे कोई और मिस्त्री खोलेगा तो..."

"राहू दे," इंदिराबाई म्हणाल्या. "समोरून बरोबर आहे."

रविवारी सकाळी सात वाजता टॅक्सी आली आणि ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवण्यात आलं. चिरगाव मागे टाकून गाडी एरचला पोचली आणि नदीकडच्या उताराच्या तोंडाशी आली. रेवतीनं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी जिथल्या तिथे रोवली गेली. फुलांची पिशवी घसरून पुढे आली. मग रेवतीनं गाडी हळूहळू खाली सोडली, पेडल सैल न करता. बाजूला इंदिराबाई ताठ बसल्या होत्या. त्यांचे डोळे उघडे होते.

"बघ, ब्रेकनं काम केलं," रेवती म्हणाली. "नाही मिटलेस."

"ब्रेकची भीती मला कधीच नव्हती गं."

"म्हणजे?"

"ते उतारावर दोन्ही हात सोडून मला नदी दाखवायचे. बघ, बघ, तिकडे बगळे, तिकडे नाव. आता हात सोडून माणूस गाडी चालवायला लागल्यावर डोळे नको मिटायला?"

चार बाटल्या तेल, एक पंप, बॉनेटचा रंग आणि चार किलो डाळ रेवतीच्या डोळ्यांपुढून गेली.

"हे तरी सांगायचंस त्यांना."

"सांगितलं असतं तर हात सोडले नसते." इंदिराबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "आणि मिटून कुठे घ्यायची? एका डोळ्यानं बघायचीच की."

खाली पाणी दिसू लागलं होतं. रेवतीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. तेव्हा इंदिराबाईंनीच आपला हात खिडकीबाहेर काढला.

"ते बघ," त्या म्हणाल्या. "बगळे."