आठ फुटांचा चढ

मेकॅनिकची कंबर धरली ती नेमकी शनिवारी सकाळी नऊ वाजता, आणि साडेनऊला सिस्टर आपली एटीव्ही न्यायला येणार होत्या. मालकांनी फोन खाली ठेवला आणि काउंटरकडे वळून चहा सांगावा इतक्या सहज सांगितलं, "मास्तर, आज गाडी तुम्ही चढवा."

मास्तर काउंटरमागे रॅम्पच्या माहितीपत्रकांना पिना मारत बसले होते. पुढची पिन बोटात गेली.

"मी?"

"मग काय मी? आणि तुम्हाला काय नवीन आहे त्यात? नोकरीला लागताना तुम्हीच म्हणाला होतात ना, गाड्या चढवणं-उतरवणं म्हणजे डाव्या हातचा मळ."

म्हणाले होते. अकरा वर्षांपूर्वी, याच काउंटरसमोर उभं राहून, मालकांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले होते. मालकांचा एक नियम तेव्हाही होता आणि आजही आहे: ज्याला गाडी चढवता येत नाही, त्याला या दुकानात काम नाही. मास्तरांच्या आधीचा विक्रेता याच नियमापायी घरी गेला होता. मास्तरांना नोकरीची निकड होती, म्हणून त्यांनी दिली ठोकून. त्यानंतर अकरा वर्षं मेकॅनिक हजर असायचा आणि थाप झाकलेली राहायची. आता वय बावन्न. या वयात बाहेर पडलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देतो?

दुकान होतं ट्रेलरचं, रॅम्पचं, बांधायच्या पट्ट्यांचं आणि एटीव्हीचं. एटीव्ही म्हणजे चार जाडजूड चाकांवर बसवलेली मोटारसायकलच म्हणा. डोंगरउतारावर, चिखलात, दगडधोंड्यांत कुठेही जाते, फक्त सार्वजनिक रस्त्यावर तिला परवानगी नाही, म्हणून दुकानातून घरी न्यायची तर ट्रेलरवर घालून न्यावी लागते, आणि ट्रेलरवर ती रॅम्पवरून चढते. रॅम्प या विषयात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. किती उंचीला किती लांबी, कुठल्या वजनाला कुठला पत्रा, सरळ कधी आणि कमानदार कधी, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकाला समोर बसवून ते असा काही धडा घ्यायचे की त्यावरूनच त्यांचं नाव मास्तर पडलं. स्वतः मात्र त्यांनी एकही गाडी एक वीतभरसुद्धा चढवलेली नव्हती. घरी स्कूटर होती ती बायको चालवायची. मास्तर मागे पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि उतार आला की "हळू" म्हणायचे.

याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात एका घाईतल्या गिऱ्हाइकाने रॅम्प ट्रेलरला न बांधता नुसता टेकवला आणि गाडी दामटली. रॅम्प मागे सटकला आणि गाडी माणसासकट उलटी होऊन खाली आली. माणूस कसाबसा बाजूला पडला म्हणून वाचला. हँडल जिथे आदळलं तिथला फरशीचा तुकडा अजून फुटलेला आहे. त्या दिवशी मास्तरांनी रॅम्पबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. लोकांना वाटलं, काय हा अभ्यास. अभ्यास कसला, भीती होती ती निव्वळ.

साडेनऊला सिस्टरची जीप आवारात शिरली, मागे नवाकोरा ट्रेलर. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका, चौतीस वर्षं मोठ्या रुग्णालयात काढलेल्या. आता डोंगराच्या अंगाला रोपांची वाडी केली होती आणि उद्यापासून लागवड होती, त्यामुळे गाडी आजच हवी होती.

"मी सपाटीवर चालवते," त्या म्हणाल्या. "चढवायचं कसं ते मात्र एकदा समोर बघायचंय. पुढे मला एकटीलाच करायचंय."

"मेकॅनिक चार दिवसांनी येईल," मास्तर घाईघाईने म्हणाले. "तेव्हाच आलात तर अगदी निवांत."

"मास्तर दाखवतील," मालक वरच्या मजल्याच्या जिन्यावरून म्हणाले. वर त्यांचं काचेचं ऑफिस होतं आणि त्या काचेतून आवार तळहातावर घेतल्यासारखं दिसायचं.

आता वेळ मारून नेणं एवढंच हातात होतं. आणि वेळ मारून न्यायला मास्तरांकडे नियमांची काय कमी?

"आधी मोजमाप," ते म्हणाले. "रॅम्प निवडल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही." त्यांनी टेप काढली. ट्रेलरची उंची दोन फूट भरली. सिस्टरनी भिंतीशी उभा असलेला सहा फुटी रॅम्प दाखवला, हलका आणि उचलायला सोपा.

"सहा फुटी नको. चढ उभा होतो, गाडी मागे कलते. दोन फुटांना आठ फुटी हवा. आणि कमानदार. सरळ असला तर वरच्या कडेवर गाडीचं पोट घासतं."

"वजनाचं काय?"

"गाडी तीनशे वीस किलो. वर बसणारा धरायचा, मागे काही सामान असेल तर तेही. ठोकळमानाने चारशे. रॅम्प सहाशेचा घ्यायचा. बरोब्बर चारशेचा घेऊन देवावर हवाला ठेवायचा नाही."

सिस्टरनी हे सगळं एका लहानशा वहीत लिहून घेतलं. रॅम्प निवडण्यात वीस मिनिटं गेली. मास्तरांना वाटलं, असं करत करत दुपार होईल, दुपारी काहीतरी घडेल. काय घडेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"ट्रेलर जीपपासून सोडवलाय का?" त्यांनी आशेने विचारलं.

"नाही, जोडलेलाच आहे."

"बरं आहे. सोडवलेल्या ट्रेलरवर मागून वजन आलं की त्याचं तोंड वर उचलतं." मास्तरांचा आवाज पडला. "पण इथे जमीन उतरती आहे. उतरत्या जमिनीवर चढवायचं नाही."

सिस्टरनी जीप पुढे घेऊन आवाराच्या मधोमध, सपाट काँक्रीटवर उभी केली. आता ती रस्त्यावरूनही दिसू लागली. शेजारचा टायरवाला हात पुसत आला. त्याच्याकडची दोन गिऱ्हाइकं आली. मास्तरांनी जीपचा हँडब्रेक तपासला, चाकांना लाकडी ठोकळे लावायला लावले. रॅम्प सकाळीच धुतलेला होता, म्हणून कोरड्या फडक्याने पुसायला लावला. पट्ट्यांनी तो ट्रेलरला आवळून बांधला, लोंबकळून पाहिला, सोडला आणि पुन्हा बांधला. रस्त्यावरचे आणखी चार जण थांबले. मास्तर एकेक गोष्ट सुरक्षित करत होते आणि स्वतःच्या हाताने स्वतःचीच एकेक पळवाट बुजवत होते.

"पायात चपला आहेत माझ्या," शेवटी त्यांना आठवलं. "चपलांवर चालवायचं नाही. नियमच आहे."

"मेकॅनिकचे बूट आहेत की कोपऱ्यात," टायरवाला म्हणाला आणि घेऊनही आला. बूट दोन नंबर मोठे निघाले. मास्तरांनी टाचेत 'रॅम्पची सुरक्षित निवड' ही आपणच लिहिलेली दोन माहितीपत्रकं कोंबली. हेल्मेट आलं. ते मात्र नेमकं डोक्याला बसलं.

"सिस्टर, तुमच्या गाडीला पुढे ओढायची चरखी नाही का? चरखी असली की वर बसावंच लागत नाही. तार अडकवायची आणि बाजूला उभं राहून बटण दाबायचं."

"या मॉडेलला नाही. तुम्हीच मागच्या आठवड्यात सांगितलंत."

मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून टायरवाल्याला दया आली असावी. "मी चढवू का? त्यात काय आहे एवढं? तिकडून गेटापासून पळवत आणायची, एका दमात वर."

मास्तरांच्या जिवात जीव आला. किती सोपं होतं. हो म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मालकांनी विचारलंच, तर म्हणायचं की त्याने फारच आग्रह केला. त्यांनी तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर ती उलटी होऊन खाली येणारी गाडी आली, त्या माणसाचा हवेतला हात आला.

"पळवत आणायची नाही," ते म्हणाले. "पळवत आणणारा माणूस एक तर मागे पडतो, नाहीतर वरून पुढे जीपवर जातो. तुम्ही लांब व्हा. रॅम्पच्या मागे कुणी उभं राहायचं नाही."

एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता गाडीवर बसायला त्यांच्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

ते बसले. इंजिन सुरू झालं आणि खालून सगळं अंग थरथरायला लागलं. त्यातली थरथर गाडीची किती आणि आपली किती, हे त्यांना सांगता आलं नसतं. हलका गिअर टाकला, चारही चाकांची ताकद जोडणारं बटण दाबलं, पुढची चाकं रॅम्पसमोर सरळ आणली. हे सगळं ते मोठ्याने म्हणत होते, कारण गप्प बसले असते तर दात वाजलेले लोकांना ऐकू आले असते.

"अंगठ्याने हळूच दाबायचं. झटका द्यायचा नाही. अंग पुढे झुकवायचं. नजर समोर."

गाडी चढू लागली. पत्रा खालून कुरकुरला. चाकांच्या खाचा रॅम्पच्या दात्यांत रुतत होत्या आणि प्रत्येक दाता मास्तरांना थेट पाठीच्या कण्यात जाणवत होता. मध्यावर आले तेव्हा गाडीचं नाक इतकं वर झालं की समोरचा ट्रेलर दिसेनासा झाला, उरलं नुसतं आभाळ. मास्तरांना एकदम देव आठवले, आणि अंगठा उठला.

गाडी रॅम्पवर अर्ध्यात थांबली. मास्तरांनी ब्रेक असे आवळले की बोटं पांढरी पडली. मागे जायचं तर पाठीमागे दिसत नव्हतं, पुढे जायचं तर अंगठा हलत नव्हता, आणि उतरून पळायचं तर पाय कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे झाले होते. राहिली फक्त जीभ. ती अकरा वर्षांच्या सवयीने आपणहून चालू झाली.

"गाडी चढावर थांबल्यास," मास्तर बोबड्या आवाजात म्हणाले, "घाबरू नये. ब्रेक धरून ठेवावा. मागे वळून पाहू नये. हँडल वळवू नये. अंग आणखी पुढे न्यावं. ब्रेक सावकाश सैल करत अंगठा सावकाश दाबावा."

आपलाच आवाज ऐकून त्यांना तो कुणीतरी जाणता माणूस सांगतोय असं वाटलं. ते त्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे वागले. गाडी धडपडत पुढे सरकली, आभाळ खाली आलं, ट्रेलरची फळी दिसली, मागची चाकं धपकन वर आली. त्यांनी पार्किंग ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि हँडल धरून तसेच बसून राहिले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टायरवाला शेजारच्याला म्हणाला, "अर्ध्यात थांबवून दाखवली रे. ही हिंमत नाही आपल्यात."

सिस्टर ट्रेलरवर चढल्या. त्यांनी मास्तरांचं मनगट दोन बोटांत धरलं, घड्याळाकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एकशे अडतीस. सुई किती नंबरची, स्पिरिट लावलं का, उद्या आलो तर चालेल का, असे प्रश्न विचारणारे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. कधीच चढवली नव्हती ना?"

मास्तरांनी मान हलवली. रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मालक जिना उतरून धापा टाकत आले. चेहरा नुसता खुलला होता. "मास्तर, अकरा वर्षं तुम्हाला खुर्चीवर बसवून मी चूक केली. मेकॅनिक चढवतो तेव्हा गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही काय झालं ते. तुमचं बघून मला पहिल्यांदा कळलं की यात धोका कुठे-कुठे आहे. आता ठरलं. आजपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी चढवून दाखवायची ती तुम्ही. अशीच. अर्ध्यात थांबवून."

नोकरी टिकावी म्हणून अकरा वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी त्या एका क्षणात सोडून दिली.

"साहेब, मला गाडी चढवता येत नाही. तेव्हा मी खोटं बोललो होतो. आज पहिलीच वेळ आहे."

मग टायरवाला हसला, त्याची गिऱ्हाइकं हसली, आणि मालक सगळ्यांत मोठ्याने हसले.

"बघा," ते सिस्टरना म्हणाले, "एवढं येतं, पण गर्व म्हणून नाही माणसाला."

"गर्व कुठला, साहेब? भीती वाटते मला. अर्ध्यात मी थांबवली नव्हती, हात-पाय गळाले म्हणून थांबली. नियमाप्रमाणे मला काढून टाका."

"असंच," मालक म्हणाले. "सुरुवात अगदी अशीच करायची. मला भीती वाटते म्हणायचं. ऐकणाऱ्याला धीर येतो. सोमवारी दोघं येतायत, मंगळवारी चौघं."

मास्तरांनी सिस्टरकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा. नाडी पाहिलीत तुम्ही."

"मी कशाला सांगू?" सिस्टर वही उघडत म्हणाल्या. "याआधी तीन दुकानांत जाऊन आले मी. सगळे न घाबरणारे होते. रॅम्प बांधायचा असतो हे एकानेही सांगितलं नाही. आता उतरवून दाखवा. उलटीच घ्यायची ना?"

"उलटीच," मास्तर म्हणाले. "अगदी हळू. आणि मागे कुणी उभं राहायचं नाही."

"कुणी नाही," सिस्टर म्हणाल्या आणि खाली उतरून बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांनी मान वळवून मागे पाहिलं. वरून रॅम्प फार अरुंद दिसत होता. नोकरी पक्की झाली होती, आणि निवृत्तीला अजून आठ वर्षं होती. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे, दिवसाला दोन गिऱ्हाइकं धरली तरी प्रत्येकाला एकदा चढवून आणि एकदा उतरवून दाखवायचं. एवढा गुणाकार त्यांनी मनातल्या मनात केला, उत्तर आल्यावर पुन्हा एकदा करून पाहिला, आणि रिव्हर्स गिअर टाकला.