राक्षस नंबर लावून मारतो

संपतच्या पायाचं प्लास्टर ओलं होतं, तेवढ्यातच घरमालक मारुतराव जिना चढून वर आले. "महिनाअखेरीस खोल्या मोकळ्या करा. पुतण्याचं लगीन हाय," एवढं बोलून, प्लास्टरकडं न बघता ते उतरून गेले.

संपत रांजणगावच्या कारखान्यात कामाला. मोटारसायकल घसरली आणि नडगी मोडली. बायको स्वप्नाली शाळेत शिकवायची, आता शाळा सुटल्यावर शिरूरभर नव्या खोल्या शोधणंही तिच्याच वाट्याला आलं. दिवसा नवऱ्याजवळ कुणीतरी हवं म्हणून तिनं मांडवगण फराट्याहून आपल्या आईला, झुंबरबाईंना बोलावून घेतलं.

सासू-जावई एका खोलीत. त्या डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडं बघत, तो छताकडं. दोन दिवस असे गेल्यावर संपतनं कॉम्प्युटर सुरू केला आणि मित्रानं घालून दिलेला राक्षसांचा खेळ लावला.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "पाव्हणं, ह्यो मिशावाला हुबा का ऱ्हायलाय? कुऱ्हाड तर उगारलीय."

"त्याचा नंबर झाला, मामी. आता माझा. मी मारल्याबिगर तो मारत न्हाई."

"आन् तुम्ही च्या पीत बसला तर?"

"तर थांबतो."

झुंबरबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. "आमच्या मेंढरांवर लांडगा यायचा. नंबर लावून कवा आला न्हाई." मग बराच विचार करून त्या म्हणाल्या, "म्हंजी ही मारामारी न्हाई. कॅनॉलच्या पाण्यावाणी पाळी हाय. आज तुमचं, उद्या त्याचं."

संपतला हे पटलं. मग त्यानं बाकीचे नियमही सांगितले. तलवारीचा घाव भाकरी खाल्ली की भरतो. राक्षस मारणाऱ्या गड्याला गुडघाभर कुंपण ओलांडता येत नाही. मागून मारलं तर दुप्पट लागतं. आणि राक्षसाच्या गुहेतच झोप काढली तरी सगळ्या जखमा बऱ्या होतात.

"मंग तुमचा पाय का बरा होईना? झोपूनच तर हाय की."

पडल्यापासून संपत पहिल्यांदाच हसला.

मिशीवरून दोघांनी त्या राक्षसाचं नाव 'आप्पा' ठेवलं. सगळे भाडेकरू मारुतरावांनाही आप्पाच म्हणत, हे काही दोघांना ठाऊक नव्हतं असं नाही.

एके दुपारी मारुतरावांची बायको मालनबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. संपतच्या खोलीची गच्चीकडची खिडकी उघडी होती.

"आप्पा जिन्यात हाय, मामी."

"मागनं गाठा. समोरनं निम्माच लागतोय."

"मारला तरी परत उठतो तो."

"मंग जाळायचा. आधी भाकरी खावा, ताकद येईल."

मालनबाई कुरडया तशाच टाकून खाली पळाली आणि ऐकलेलं सगळं नवऱ्याला सांगितलं. मारुतरावांना आधी हसू आलं, मग आपण रोज संध्याकाळी जिन्यातच बसतो हे आठवलं. पोलिसांत जावं, तर सांगणार काय? एकाचा पाय मोडलेला, दुसरी सत्तरीची. शेवटी शेजारच्या चांगदेव पैलवानाला पुढं घालून ते वर गेले.

दार झुंबरबाईंनी उघडलं. त्या मेथीच्या जुडीची मुळं कापत होत्या, हातात विळा होता. चांगदेव पैलवान 'घरी काम राहिलंय' म्हणाला आणि पाठ न दाखवता एकेक पायरी उलटा उतरत गेला. मारुतराव मात्र आत आले, भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखे आडवे.

"आप्पा, बसा की," संपत म्हणाला.

"हुबाच बरा हाय. मला कोन जाळनार हाय, तेवढं सांगा."

सासू-जावयांनी एकमेकांकडं बघितलं. संपतनं कॉम्प्युटरचा पडदा मारुतरावांकडं वळवला. मारुतरावांनी मिशी ओळखली. आपली मिशीही चाचपून पाहिली.

"ह्यो थांबलाय कशाला?" त्यांनी विचारलं.

"माझा नंबर हाय म्हनून."

"आन् तुम्ही खेळलाच न्हाई तर?"

"ऱ्हातो हुबा. त्यो काय बी म्हनत न्हाई."

मारुतराव खुर्चीवर टेकले. पहिल्यांदाच त्यांनी प्लास्टरकडं नीट पाहिलं. "कवा निघनार हे?"

"दीड महिना तरी."

"राक्षसाला एवढी रीत कळती," मारुतराव खाली मान घालून म्हणाले, "तर मी बी थांबतो. पुतन्याची सोय खाली माझ्याच घरात करू. तुम्ही चालायला लागा, मंग बघू."

एवढे दिवस संपतच्या छाताडावर बसलेलं ओझं उतरलं होतं. मारुतराव चहाला थांबले तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामी, तुम्ही आला म्हनून."

झुंबरबाईंनी नुसताच पदर सारखा केला.

संध्याकाळी स्वप्नाली धापा टाकत आली. चेहरा उजळलेला, हातात किल्ली. "खोली मिळाली. तळमजला. शब्द देऊन आले," म्हणाली आणि मग तिचं लक्ष खोलीत गेलं. मारुतराव की-बोर्डवर वाकले होते. मालनबाई त्यांच्या खांद्यावरून सांगत होती, "मागनं मारा वो, मागनं."

मारुतरावांनी मान वर केली. "म्हंजी चालला व्हय तुम्ही?" त्यांचा आवाज इतका पडला होता की स्वप्नालीलाच अपराध्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून निघाले आणि किल्ली परत करायला स्वतः गेले. त्या नव्या मालकाला त्यांनी दारातूनच सांगितलं, "बाई चुकून बोलून गेली. मानसं आमची हायेत."