समर्थच्या यंत्राला नजर लागली त्याची गोष्ट

"अख्ख्या जुन्नर तालुक्यात माझ्यासारखा अंगठा कुणाचा नाय!"

हे वाक्य आदेश दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. आणि खोटं कशाला बोला, म्हणायला जागा होती! ओतूरच्या एसटी स्टँडमागं त्याचा गेम झोन. मोठे टीव्ही, फिरत्या खुर्च्या आणि भिंतीवर त्याचेच ट्रॉफी घेतलेले फोटो. मोटारींचा गेम असो नाहीतर मारामारीचा, आदेश खुर्चीत रेलायचा, चहाचा कप पोटावर ठेवायचा आणि कंट्रोलरवर अंगठे असे चालवायचा की समोरचा गार! कपातला चहासुद्धा हिंदकळायचा नाही. "खेळताना अंग हलवतो त्यो कच्चा गडी," असं तो सांगायचा. कॉलेजची पोरं त्याला अंगठाबहाद्दर म्हणायची. त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्याला ठाऊक होता, पण कौतुक होत असताना अर्थ कोण बघतो!

तर अशा या बहाद्दराच्या दुकानात एका शनिवारी काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. खुर्च्या रिकाम्या, टीव्ही नुसते लुकलुकतायत. शेवटी गोकुळ दिसला. हा गोकुळ म्हणजे भाजीची पिकअप चालवणारा, आदेशचं रोजचं गिऱ्हाईक. पण आज तोही रस्त्यावरूनच हात करून पुढं निघाला.

"आरं गोकुळ! कुठं चाललास? आन् बाकीची पोरं कुठं गेली?"

"सगळी समर्थकडं, भाऊ! त्यानं पुण्यावरनं नवीन कंट्रोलर आणलाय. लई येगळाच! त्याला बटणंच नायत!"

"बटणं नायत? मग काय फुंकर मारायची का?"

"नाचायचं म्हणं!" असं म्हणून गोकुळ गेलासुद्धा.

समर्थ! आदेशच्या छातीत बारीक कळ आली. समर्थ त्याचा धाकटा चुलतभाऊ. चाकणला कंपनीत होता, शनिवार-रविवार घरी यायचा. स्वभावानं गरीब, पण आदेशला त्याचं काही बघवायचं नाही. समर्थला नोकरी लागली तेव्हा आदेशला ताप आला होता. समर्थनं चारचाकी घेतली तेव्हा दाढ सुजली. तरी एवढी वर्षं एका गोष्टीवर आदेश तग धरून होता. गेममध्ये समर्थ त्याच्यापुढं पार पालापाचोळा! आता तिथंही तो घुसला म्हणजे आदेशकडं उरलं काय?

"जरा बघून येतो, काय पांढऱ्या पायाचं यंत्र आणलंय ते," तो घरी येऊन बायकोला म्हणाला.

"थांबा, मी पण येते!" संस्कृतीनं लगेच चप्पल घातली. "समर्थ भावजींकडं काही नवीन असलं की बघण्यासारखं असतं हो!"

आदेशनं नुसतं दार ओढून घेतलं. दात आवळलेले असल्यावर बोलणार कसं?

समर्थच्या घरी लग्नघरासारखी गर्दी. टीव्हीवर काड्यापेटीएवढी एक काळी डबी, तिला काळ्या काचेचा डोळा. कमरेला बांधायला एक पट्टा आणि मनगटात घालायला दोन कडी. बस्स, एवढाच कंट्रोलर! पडद्यावर एक माकड होतं. आपण उडी मारली की ते उडी मारणार, आपण वाकलो की ते वाकणार, आणि त्यानं फांद्यांवरून उड्या मारत नारळ गोळा करायचे.

"ह्यो काय कंट्रोलर हाय व्हय? ह्यो तर बाळंतिणीचा पट्टा!" गोकुळ आधी खो खो हसला. मग तोच पट्टा बांधून उभा राहिला आणि जरा वेळानं त्याचं भानच हरपलं. हात काय फेकतोय, गुडघे काय उचलतोय! एका उडीत पंख्याला डोकं लागता लागता वाचलं, दुसऱ्या उडीत पाण्याची कळशी आडवी. "आयला, लई भारी! ए, मी अजून एकदा!" पोरांनी त्याला पट्ट्यासकट ओढून बाजूला काढला. एक जण म्हणाला, हे यंत्र म्हणजे फालतूपणा. त्यालाच मग आवरता आवरेना. ज्याला त्याला आधी लाज, मग चेव!

संस्कृतीनं पदर खोचला, पट्टा बांधला आणि अशी काही सुटली की विचारू नका! लहानपणी झिम्मा-फुगडी घातलेली बाई ती. माकड फांदीवरून फांदीवर, नारळांचा नुसता पाऊस! पडद्यावर सगळ्यांच्या वर तिचं नाव आलं. टाळ्याच टाळ्या!

"वहिनी एक नंबर!" समर्थ ओरडला. आदेशनं दहा वर्षांत ऐकली नसेल इतकी गोड हाक होती ती, आणि ती दुसऱ्याला मारली होती.

"आता दादा!" समर्थनं स्वतः पट्टा आणून आदेशच्या कमरेला बांधला. "आता बघा रे, खरा खेळाडू कसा खेळतो!"

पोरांनी मागं सरकून जागा केली. आदेश उभा राहिला. ताठ. खेळ सुरू झाला, आणि त्याचे अंगठे हवेत सरासरा चालू लागले. वर, खाली, डावा, उजवा! अंग मात्र दगडाचं. इतक्या वर्षांची सवय ती, जाणार कशी?

माकड फांदीवर बसून राहिलं.

"आगं बया, ह्याचं माकड झोपलं का काय?" समर्थची आई, ठमाबाई, काळजीनं म्हणाली.

आदेशला घाम फुटला. त्यानं नाक पुसायला हात वर केला, तर माकडानं हातातला एकुलता एक नारळ फेकून दिला. घसरणारी पँट वर ओढायला तो खाली वाकला, तर माकडानं खोल दरीत सूर मारला. शून्य! सगळं घर हसून हसून लोळलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? त्याची स्वतःची बायको!

आदेशच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चारचौघांत दाखवता येतंय थोडंच? त्यानं पट्टा सोडला, त्या काळ्या डबीकडं टक लावून बघितलं आणि ओठ ताणून म्हणाला, "वा, समर्थ! असलं यंत्र मी जन्मात बघितलं नव्हतं!"

ठमाबाईनं ते बघणं टिपलं, आणि तिच्या काळजात चर्र झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद! दिवा लागतोय, पडद्यावर माकड दिसतंय, पण कितीही नाचा, ते हलत नाही. समर्थनं सेल बदलले, वायरी काढून परत लावल्या, कंपनीला फोन केला. काही उपयोग नाही.

बातमी कळली तेव्हा आदेश जेवत होता. तो एक भाकरी जास्त जेवला. मग तोंड पाडून सांत्वनाला गेला.

"लई वाईट झालं रे, समर्थ. चांगल्या वस्तूंचं असंच असतंय."

"बस दादा, चहा सांगतो," म्हणत समर्थ आत गेला. आदेश एकटाच उरला. मेलेल्या शत्रूचं तोंड बघावं तसा तो डबीजवळ गेला, वाकला आणि बघतो तर काय, त्या काळ्या काचेच्या डोळ्यावर जाडजूड काळा ठिपका! बोट टेकवून काढलेला. काजळ!

त्याच्या लगेच ध्यानात आलं. ठमाकाकीची तीट! नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून काकी सगळ्याला तीट लावायची. वासराला, फ्रीजला, समर्थच्या गाडीला. कंपनीत निघालेल्या समर्थच्या कानामागंसुद्धा. काल सगळे गेल्यावर तिनं यंत्रालाही लावली, आणि लावली ती नेमकी डोळ्यावर! यंत्र आंधळं झालं, आणि काळ्यावर काळं कुणाला दिसणार?

रुमालानं एकदा पुसलं की काम झालं असतं. आदेशचा हात खिशाकडं गेलाही. पण पुसलं तर परत ती गर्दी, परत त्या टाळ्या, परत "वहिनी एक नंबर"! हात तसाच मागं आला. त्यानं शांतपणे चहा घेतला, बशीसुद्धा चाटून पुसून ठेवली, आणि शीळ घालत घरी गेला.

पण म्हणतात ना, करावं तसं भरावं! ठमाबाईनं गावभर सांगितलं, "आमच्या आदेशनंच बघितलं वं यंत्राकडं. असं बघितलं, असं बघितलं, की मी म्हणलं, आता काय खरं नाय! मी तीट लावली, पण लई उशीर झाला व्हता!"

झालं! सोमवारी पोरं गेम झोनला परत आली खरी, पण आदेश मागं येऊन उभा राहिला की गेम थांबवून बसायची. "भाऊ, तुमी जरा तिकडं तोंड करा ना!" मंगळवारी वाटेवरच्या सुभाषच्या म्हशीनं दूध चोरलं. का, तर आदेश गोठ्यावरून मोटारसायकलनं गेला होता! सुभाषनं रस्त्याच्या कडेला ताडपत्रीच बांधली. स्टँडवर बायका त्याला बघून लेकरांवर पदर टाकू लागल्या. एका हळदीचं आवतण आलं, तर आवतण देणारा चाचरत म्हणाला, "यायचं बरं का, पावणं! फक्त नवरीकडं जरा कमी बघा." पोरं येईनाशी झाली, गोकुळनं तर पिकअपचा रस्ताच बदलला.

हे सगळं आदेशनं सोसलं असतं. पण शुक्रवारी घरात मटण शिजेना. संस्कृती पातेल्यावर झाकण दाबून धरत म्हणाली, "अहो, खरं सांगा. तुम्ही यात डोकावलात का?"

"आगं, तू पण?"

"मला काही वाटत नाही हो. पण गॅस वाया चाललाय ना!"

आदेशचा बांध फुटला. नाव गेलं, दुकान गेलं, आता मटणसुद्धा जायची वेळ आली! समर्थ जिंकला तर जिंकला, पण हा कलंक नको. रविवारी तो तडक समर्थच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ओरडून माणसं गोळा केली. माणसं आली, पण डोळ्यांवर हात धरून.

"नजर-बिजर काय नाय!" तो गरजला. "आंधळेपणा हाय ह्यो सगळा! या, घरात या, दाखवतो!"

सगळे आत आले. आदेशनं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, सगळ्यांना फिरवून दाखवला, आणि डबीचा डोळा खसाखसा पुसला. समर्थनं हात हलवला. माकड टुणकन उडालं!

"बघितलं?" आदेशनं रुमालावरचा काळा डाग उंच धरला. "ह्ये! ह्येच्यामुळं बंद पडलं व्हतं!"

सगळ्यांनी माना पुढं काढून डाग बघितला. मग ठमाबाईनं हात जोडले.

"बघा गं बायांनो, बघा! ज्यानं लावली त्यानंच उतरवली! रुमालावर सगळं काळं आलं!"

"आवं काकी, ती तुमची तीट हाय! काजळ!"

"आरं, तीट मीच लावली. पण तिटंनं कधी यंत्र बंद पडतंय व्हय? फ्रीजला लावलीया, बर्फ पडतोय की! गाडीला लावलीया, चाकणला जाती की!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्रीज चालत होता, हे कोण नाकारणार? आदेशनं रुमाल परत परत फडकवला. समर्थ तेवढा समजला. त्यानं तोंडावर हात धरला आणि खांदे हलवत मोरीत जाऊन हसून आला.

सोमवारी सकाळी आदेश दुकानाचं शटर वर करायला गेला, तर समोर रांग! रडकं पोर घेतलेली बाई, फणसाएवढं गळू झालेला म्हातारा, आणि म्हशीला दाव्यानं धरलेला सुभाष.

"भाऊ, लागली असंल तर तुमचीच लागलीया," सुभाष नम्रपणे म्हणाला. "तेवढा रुमाल फिरवा."

"आरं मी गेमवाला हाय, देवरुषी न्हाई! डागदराकडं जावा!" आदेश ओरडला. म्हाताऱ्याला तर त्यानं स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं. पण बाकीचे हलेनात. तेवढ्यात समर्थ त्याच्या गाडीतून चाकणला निघालेला दिसला. गाडीची काच खाली करून तो रांगेकडं आ वासून बघत राहिला. आणि काय सांगू राव, समर्थनं वळून वळून बघावं अशी गर्दी आदेशच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा जमली होती! आदेशच्या पोटात कसं गार गार वाटलं.

त्यानं हळूच रुमाल काढला. म्हशीवरून फिरवला. म्हशीनं शेपटी हलवली. लोक म्हणाले, "वा!"

दुपारपर्यंत त्याची मान ताठ झाली होती. गोकुळ डिंभ्याला भाजी टाकून परत आला, रांग बघून थक्क झाला.

"काय भाऊ, जोरात हाय की!"

"मग!" आदेश रुमाल झटकत म्हणाला. "अख्ख्या जुन्नर तालुक्यात माझ्यासारखी नजर उतरवणारा दुसरा कुणी नाय!"

"जुन्नरात नसंल," गोकुळनं पिकअपला टेकत सांगितलं. "पण तिकडं आंबेगावात, डिंभ्याला सोनीबाई हाय ना! ती तर फोनवरनं उतरवती म्हणं."

आदेशचा हात रांगेतल्या तिसऱ्या म्हशीच्या पाठीवरच थांबला.

"कोण सोनीबाई? तिच्याकडं काय एवढी लाईन लागती व्हय?"

"लाईन कशाला, भाऊ? तिच्याकडं टोकन असतंय!"

झालं! आदेशची दाढ पुन्हा ठणकायला लागली.